पहिला क्रमांक रिकामा ठेवण्याबाबत

काकांचं दुकान पहिल्या क्रमांकावर आलं. आमच्या शहरात कुणीही मोबाईलवर "वजनकाटा चुकीचा दाखवतो" असं टाइप केलं, की सगळ्यात वर काका. हे एका मंगळवारी सकाळी साडेदहाला झालं. मी डोळ्यांनी पाहिलं, काकांनी चष्मा पुसून पाहिलं, आणि मग त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी ते झालंच नाही असं ठरवलं. तेव्हा तुम्हीही विसरा. पहिला क्रमांक वगैरे काही आलेला नाही. मंगळवारही आलेला नाही. त्याच्या साडेतीन महिने आधीची एक दुपार आहे, काका शोधात कुठेही नाहीत, आणि मी त्यांच्या दुकानाच्या बंद दारासमोर उभा आहे.

दारावर पाटी होती: "मोजमाप चालू आहे. दार उघडू नये." खाली बारीक अक्षरात: "ठोठावूही नये. कंप होतो."

काका वजनकाटे दुरुस्त करतात आणि तपासून देतात. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे. यातले काही काटे इतके हळवे असतात, की समोर कुणी सुस्कारा टाकला तरी आकडा हलतो. म्हणून काम चालू असताना दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद, आणि काका स्वतःही जवळपास बंदच. काम सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. म्हणजे त्या दुकानाचं दार उघडं दिसलं, तर समजावं की आज दुकान बंद आहे.

दार उघडल्यावर काकांनी विचारलं, "कधीचा उभा आहेस?"

"झाली दहाएक मिनिटं."

"दहाएक म्हणजे काय? आकडा आहे की नातेवाईक?"

"अकरा मिनिटं, काका."

"मग तसं म्हण. ये."

मला काकूंनी बोलावलं होतं. काकू दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. काकाही तिथेच राहतात, पण ते तितकंसं जाणवत नाही. काकूंनी खिडकीत बसून वर्षभर लक्ष ठेवलं होतं. वर्षात चार नवीन माणसं दुकानात आली. त्यातल्या एकाला समोरच्या दवाखान्याचा पत्ता हवा होता आणि एक मी होतो.

"चार महिने देते," काकू म्हणाल्या. "महिन्याला दहा तरी नवी तोंडं दिसली पाहिजेत. चार महिन्यांत चाळीस. नाही दिसली तर दुकानाला कुलूप, आणि हे माझ्या भावाच्या गोदामात बसतील. तो जागा धरून बसलाय."

काकूंच्या भावाचं गाद्यांचं गोदाम आहे, म्हणून आम्ही त्यांना गादीमामा म्हणतो. गादीमामा भला माणूस. पण त्यांच्या गोदामात काहीच मोजत नाहीत. गादी चांगली की वाईट हे अंगठ्याने दाबून ठरतं.

"अंगठ्याने?" काकांनी एकदा विचारलं होतं.

"अंगठ्याने, दाजी," मामा अभिमानाने म्हणाले होते. "तीस वर्षं झाली."

त्यानंतर काका दोन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. काका म्हणतात, दीड.

माझा धंदा असा, की मी लोकांच्या वेबसाइट शोधात वर आणतो. घरात हे काम मला कुणाला नीट समजावता आलेलं नाही. आई ओळखीत सांगते, "मुलगा कॉम्प्युटरवर दुकानं चढवतो." लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. काकूंना मात्र "चढवतो" हा शब्द पुरेसा वाटला.

काकांची वेबसाइट होती. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी भेट म्हणून करून दिलेली. उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात माणूस दुकानात पोचला असता. वर मोठ्या अक्षरात "स्वागत आहे", मध्ये फिरणारी पृथ्वी, खाली भेट देणाऱ्यांची संख्या: चारशे बारा.

"त्यातले चारशे सात मीच," काका म्हणाले. "ते वजा करता येतील का?"

मी पृथ्वी थांबवली, मग काढलीच. पान एका क्षणात उघडायला लागलं. मग शीर्षकाकडे वळलो.

"काका, 'स्वागत आहे' असं कुणी शोधत नाही. माणूस जे शोधतो, ते शब्द वर पाहिजेत."

काकांनी कागद घेऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: "तुलायंत्रांचे अंशांकन."

"हे कोण टाइप करतं?"

"मी."

"तुम्ही सोडून?"

काकांनी बराच विचार केला. "वस्तादांनी केलं असतं. पण त्यांच्याकडे मोबाईल नाही."

वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली काका अकरा वर्षं शिकले ते.

मी सांगितलं, की गिऱ्हाईक दारात आल्यावर जे पहिलं वाक्य बोलतं, ते जसंच्या तसं लिहून ठेवा. काकांना हे काम फार आवडलं, कारण यात स्वतःचं काही घालायचं नव्हतं. पंधरा दिवसांत वहीचं एक पान भरलं. "रिकामा असला तरी चार ग्रॅम दाखवतो." "आकडा थरथरतो." "याला वेड लागलंय." "काल बरा होता हो." "आमच्या ह्यांनी त्यावर पाय दिला." प्रत्येक तक्रारीचं आम्ही वेगळं पान केलं. वर तक्रार, खाली तिचं उत्तर, आणि शेवटी जवळच्या दुसऱ्या तक्रारीकडे जायचा दुवा. थरथरणाऱ्यांना वेड लागलेल्यांचं पान सापडावं म्हणून.

खरं भांडण विशेषणांवरून झालं. मी आपला सवयीने लिहून गेलो होतो: "जलद, विश्वासू, सर्वोत्तम सेवा." काकांनी लाल पेन काढलं. "जलद" खोडून लिहिलं: "साध्या काट्याला चाळीस मिनिटं. कधी पन्नास. एकदा तीन दिवस लागले, चूक माझी होती." "विश्वासू" खोडून काहीच लिहिलं नाही, म्हणाले ते लोकांनी ठरवायचं. "सर्वोत्तम" खोडून लिहिलं: "शहरात दोन नंबरचा."

काकूंनी वरून चहा आणला होता. त्यांनी कागद वाचला.

"अहो, दोन नंबरचा धंदा म्हणून जाहिरात करताय? पोलीस येतील."

"आले तर नवी तोंडंच आहेत," मी म्हणालो.

काकूंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. पण "दोन नंबरचा" काढून "शहरात दुसरा" झालं, त्यापलीकडे काका हटले नाहीत.

"मग पहिला कोण, असं विचारतील लोक," मी म्हणालो.

"विचारू देत. सांगू."

सगळ्यात मोठं पान काकांनी स्वतः लिहिलं. शीर्षक: "माझ्याकडे येण्याआधी हे करून पाहा, बहुधा यावं लागणार नाही." काटा सपाट जागी ठेवा. पंख्याखालून काढा. बॅटरी बदला. भिंतीला टेकलाय का बघा. एक लिटर पाणी ठेवून पाहा, एक किलो आलं पाहिजे. इथे काकांनी पाण्याचं तापमान आणि त्यानुसार पडणाऱ्या फरकाचा तक्ता जोडला. मी म्हणालो, "काका, हे वाचून गिऱ्हाईक येणारच नाही."

"ज्याचं पाण्याने भागतंय त्याने का यावं?"

धंद्याचा माणूस म्हणून मी कपाळावर हात मारला. पुतण्या म्हणून तक्त्याच्या कडा सरळ केल्या. पुढे जे काही झालं ते या पानाने झालं. लोकांना उत्तर सापडलं, की ते पान बंद करून दुसरीकडे शोधत बसत नाहीत, ते दुसऱ्याला पाठवतात. हे मी पैसे घेऊन लोकांना शिकवतो. काकांनी ते सरळपणातून केलं, हा त्यांचा दोष.

मग नकाशाची भानगड झाली.

शोधात वर यायचं तर दुकान नकाशावर पाहिजे. नाव, पत्ता, फोन सगळीकडे अगदी एकसारखं, वेळ बरोबर, फोटो खरा. मी अर्ज उघडून दिला आणि कोपऱ्यावर बॅटरी आणायला गेलो. अर्जात प्रश्न होता: "आपलं दुकान सध्या उघडं आहे का?" काकांनी वर पाहिलं. मोजमाप चालू होतं, दार लावलेलं. त्यांनी प्रामाणिकपणे "बंद" दाबलं. पुढचा प्रश्न: "पुन्हा कधी उघडेल?" काट्याचा आकडा कधी स्थिर होईल ते कुणी सांगावं? काकांनी "सांगता येत नाही" दाबलं.

मी परत आलो तेव्हा नकाशावर काकांच्या नावाखाली लाल अक्षरं उमटली होती: "कायमचं बंद."

"हे कुणी सांगितलं त्यांना?" काका म्हणाले.

"तुम्ही."

"मी 'कायमचं' म्हणालो नाही."

ते पुसायला तीन आठवडे गेले. दुकान चालू असल्याचं चित्रीकरण पाठवा, असं उत्तर आलं. काकांनी सात मिनिटं काम करून दाखवलं. चिमट्याने वजन उचललं, ठेवलं, आणि श्वास रोखून आकड्याकडे पाहत राहिले. उत्तर आलं: आपण चित्रीकरणाऐवजी छायाचित्र पाठवलं आहे. पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काकू मध्येच दार ढकलून ओरडल्या, "जेवायला येताय, की ताट खाली आणून तेही मोजू?" काट्यावरचा आकडा उडाला, काका उडाले, आणि दुकान चालू असल्याचं लगेच मान्य झालं.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय यायला लागले तशी नवी अडचण. अभिप्राय विकत घ्यायचे नाहीत, स्वतः लिहायचे नाहीत, पण आलेल्याला उत्तर जरूर द्यायचं, एवढं मी सांगितलं होतं. एका औषधवाल्याने लिहिलं, "फार छान काम, पाच तारे." काकांनी उत्तर दिलं: "आभार. दोन मिलिग्रॅमचा फरक राहिला आहे, तो आपल्याला दाखवला होता. चार तारे योग्य." एकाने एकच तारा दिला: "तीनदा गेलो, तीनदा दार बंद." काकांचं उत्तर: "खरं आहे."

त्या एका ताऱ्यामुळे मात्र पाटी बदलली. आता दाराबाहेर एक बटण आहे. दाबलं की आवाज होत नाही, आत दिवा लागतो. पाटीवर लिहिलंय: "बटण दाबा. आकडा थांबला की मी येतो."

एकदा एका माणसाचा फोन आला. तुमच्या वेबसाइटकडे बोट दाखवणाऱ्या हजार वेबसाइट आठवड्यात मिळवून देतो म्हणाला. असल्या माणसाला कसं टाळायचं हे मी काकांना शिकवणार होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "म्हणजे हजार जण माझी शिफारस करणार?"

"हो सर. हजार गॅरंटी."

"त्यातल्या कितीजणांकडे काटा आहे?"

तो माणूस "एक मिनिट सर" म्हणाला, त्याला आता दोन महिने झाले.

पहिले दोन महिने फारसं काही हललं नाही. सातच नवी तोंडं. काकूंनी गादीमामांना सांगून गोदामात काकांसाठी खुर्ची ठेवायला लावली. माझी बाकीची गिऱ्हाइकं अशा वेळी रोज फोन करून रडतात, पान सारखं बदलतात. काका शांत होते. "काटा स्थिर व्हायला वेळ लागतो," म्हणाले. "मध्ये बोट लावलं, की परत पहिल्यापासून." हे वाक्य मी पुढे दोन गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात दिवा लागायला लागला. आधी दिवसाआड, मग रोज. आणि मग तो मंगळवार आला. विसरायला सांगितलं होतं तोच. आता आठवायला हरकत नाही.

मी मोबाईल काकांपुढे धरला. "पहिले!"

काकांनी चष्मा पुसला, पाहिलं, बोटाने पान खाली सरकवलं, पार तळापर्यंत.

"वस्ताद कुठे आहेत?"

"ते नाहीत यात. त्यांची वेबसाइट नाही."

"मग मी पहिला कसा?"

"जे आहेत त्यांच्यात पहिले."

"असं लिहिलेलं नाही इथे." काकांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. "वस्तादांचं काम यांनी पाहिलंय का?"

"नाही."

"माझं?"

"तसं... तुमची पानं पाहिलीत."

"म्हणजे तोलून न बघता आकडा दिला." काकांचा आवाज चढला नाही, फक्त नेमका झाला. "आपल्याकडे असं केलं तर परवाना जातो. हे झालेलं नाही. तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं नाही."

पण लोकांनी पाहिलं होतं. दिवा सारखा लागत होता. आणि आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला काका सांगायला लागले, "तुमची थोडी चूक झाली. मी दुसरा. पहिले पुलापलीकडे राहतात, हा पत्ता." चौदा जण काटा उचलून पुलापलीकडे गेले.

वस्ताद एक्याऐंशी वर्षांचे. दुकान कधीच बंद केलंय. घरातल्या खिडकीशी टेबल आहे, मनात आलं तर त्यावर काम करतात, आणि दुपारी एक ते चार झोपतात. चौथ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. काका उभे राहून बोलले. पलीकडचं मला तीन हातांवरून ऐकू येत होतं.

"कुणाला पाठवतोस रे गाढवा?"

"वस्ताद, तुम्ही पहिले, म्हणून..."

"मी झोपलेला होतो!"

"हो, पण कामात..."

"ही बाई म्हणते, तुझा पत्ता तिला मशीनने दिला. बरोबर दिला. मशीनला अक्कल आहे. तुझी मी अकरा वर्षं शोधली." फोन आपटला.

काकांनी रिसीव्हर हळूच ठेवला. "शिव्या अजून तशाच नेमक्या आहेत," ते समाधानाने म्हणाले.

मी वस्तादांकडे जाऊन आलो. म्हटलं फुकट वेबसाइट करून देतो, म्हणजे प्रश्नच मिटला.

"त्याने काय होईल?" वस्तादांनी विचारलं.

"लोक येतील."

"मग नको."

इतकी स्पष्ट गरज मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने सांगितलेली नाही. चौदाचे चौदा जण वस्तादांच्या शिव्या खाऊन पूल ओलांडून परत काकांकडे आले, आणि काकांनी त्यांचे काटे नीट करून दिले.

चार महिने संपले त्या दिवशी काकू खाली आल्या. सोबत गादीमामा, हातात गोदामाची किल्ली. मामा दारातच थांबले, कारण काका पाच ग्रॅमचं एक वजन पेटीत ठेवत होते.

"अठ्ठेचाळीस," काकू म्हणाल्या. "खिडकीतून मोजलेत. चाळीस हवे होते."

मी हसलो. काका हसले नाहीत.

"चौतीस," काका म्हणाले. "चौदा मी परत पाठवले होते."

"ते आले ना परत!"

"परत आलेला माणूस नवीन कसा?"

"दाजी," गादीमामा हळूच म्हणाले, "तुम्ही माझ्या बाजूने बोलताय."

"मी कुणाच्या बाजूने नाही. चौतीस आहेत."

मामांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. काकांनी पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसले. मग त्यांनी झाकण उघडून वजन आत आहे ना ते पाहिलं. ठेवलेलं वजन काकांनी परत तपासलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तशी गरज पडत नाही म्हणून तर त्यांचा धंदा.

काकूंनीही ते पाहिलं असावं. "इकडे बघा," त्या म्हणाल्या. "काटा उचलून हे लोक पुलापलीकडे गेले. तिथे म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. तरी काटा उचलून परत तुमच्याकडेच आले." मग भावाकडे वळल्या. "काय रे, तुझ्या गादीसाठी कुणी एवढं केलंय का?"

मामांनी आठवून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "एकजण पायऱ्यांवरूनच परत गेला होता."

"मग ते चौदा मी धरले. अठ्ठेचाळीस. दुकान राहील." काकूंनी मामांच्या हातातली किल्ली घेतली आणि स्वतःच्या कमरेला लावली. "पण एक सांगते. ही गर्दी वरच्या नंबरची आहे, मला समजतं. नंबर घसरला, की त्या दिवशी गोदाम. मग वजाबाकी चालणार नाही."

काकांनी मान हलवली. मामा जाताना दारावरची पाटी दोनदा वाचून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काकांचा फोन आला. "ये. अर्ज लिहायचाय."

"कसला?"

"मला खाली घ्यायचा."

मी धावत गेलो. काकांनी कोरा कागद काढून ठेवला होता.

"काका, काकू काल काय म्हणाल्या?"

"ऐकलं मी. घसरला तर गोदाम."

"मग?"

"मी घसरत नाहीये. आहे तिथेच राहणार. वर फक्त ज्यांची जागा त्यांची."

"वस्तादांना नकोय ती जागा."

"मग रिकामी ठेवावी. आमच्या खणात एखादं वजन नसेल, तर आम्ही शेजारचं वजन त्यात बसवत नाही. खण रिकामा दिसतो. दिसू दे."

मी त्यांना सांगितलं, की असला अर्ज घ्यायला तिथे कुणी माणूस नाही. एक चौकोन आहे, त्यात लिहिलं की "आभार" येतं, आणि ते आभार कुणी मानले हे आजवर कुणाला कळलेलं नाही. काका म्हणाले, "चौकोन किती मोठा आहे?" म्हटलं, पाचशे अक्षरं. त्यांनी मसुदा लिहिला, अक्षरं मोजली, "सविनय" हा शब्द काढून टाकला, परत मोजली. मी टाइप केलं. वरून काकूंनी विचारलं, "काय चाललंय रे खाली?" आणि काका आयुष्यात पहिल्यांदा मोघम बोलले. म्हणाले, "असंच काहीतरी."

अर्ज खालीलप्रमाणे.

प्रति, शोधाचे क्रमांक ठरवणारे अधिकारी. विषय: पहिला क्रमांक रिकामा ठेवण्याबाबत. महोदय, आमचे दुकान आपण चुकून पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे. शहरातील पहिले कारागीर पुलापलीकडे राहतात. त्यांना वेबसाइट नाही व नको आहे. आपण त्यांचे काम तपासलेले नाही, आमचेही नाही. तरी पहिली जागा त्यांच्या नावे रिकामी ठेवून आम्हांस दुसऱ्या क्रमांकावर घ्यावे, त्याखाली जाऊ देऊ नये, आणि दुपारी एक ते चार या वेळेत सदर रिकाम्या जागेस कोणी बोट लावणार नाही याची दक्षता घ्यावी, ही विनंती.